30 वर्षं झाकून ठेवलेली फियाट: आधी सेल मारू नका

प्रश्न थोडक्यात असा. पार्ल्याच्या एका जुन्या सोसायटीत तळमजल्याच्या गॅरेजमध्ये वडिलांची 1972 ची फियाट 1100 डिलाइट 1994 पासून ताडपत्रीखाली उभी आहे. वडील आता नाहीत. इमारत रिडेव्हलपमेंटला चालली आहे, त्यामुळे गॅरेज तीन महिन्यांत रिकामं करायचंय. भंगारवाला दोनदा येऊन गेला. थोरला भाऊ म्हणतो, नवी बॅटरी आणू, पाच लिटर पेट्रोल टाकू, सेल मारून बघू. चालू झाली तर ठेवू, नाही तर देऊन टाकू. गाडी वाचेल का, सुरुवात कुठून करायची, कागदपत्रांचं काय आणि खर्च किती?

तुमच्या दादांना आधी थांबवा. बाकीचं उत्तर नंतर वाचलंत तरी चालेल.

मी 35 वर्षं परळला जुन्या गाड्यांचं काम करतोय, त्यातल्या निम्म्याहून जास्त फियाटच. इतकी वर्षं उभ्या असलेल्या गाडीचं सगळ्यात मोठं नुकसान त्या वर्षांत होत नाही. ते होतं घरच्यांना उत्साह येतो त्या पहिल्या अर्ध्या तासात. हे मी माझ्याच हाताने करून शिकलोय. धंद्यात नवा होतो तेव्हा दादरच्या एका गृहस्थांची नऊ वर्षं बंद असलेली फियाट मी अशीच चालू केली. बॅटरी लावली, प्लग घासले, कार्बोरेटरमध्ये चमचाभर पेट्रोल ओतलं आणि चौथ्या सेलला इंजिन लागलं. टाकीतल्या पेट्रोलला व्हार्निशचा वास येत होता, तो मला आला होता, पण गाडी चालू झाल्यावर नाकाकडे कोण लक्ष देतं? घरातले सगळे खाली आले, पेढे आले, कंपाउंडमध्ये दोन फेऱ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सेल मारला तर आतून कट्कन आवाज, आणि मग इंजिन दोन सिलिंडरवर लंगडायला लागलं. इंजिनाच्या डोक्यावरचं टॅपेट कव्हर उघडलं तर दोन पुशरॉड, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणारे दांडे, केळ्यासारखे वाकलेले.

झालं होतं असं, की जुन्या पेट्रोलचा चीक गरम इंजिनात व्हॉल्व्हच्या दांड्यांवर बसला. गरम होता तोवर पातळ होता. रात्री इंजिन थंड झालं आणि त्या चिकाचा डिंक झाला. सकाळी कॅम वर ढकलतोय, व्हॉल्व्ह जागचा हलत नाही, मग मधल्यामध्ये पुशरॉडला वाकावंच लागतं. नऊ वर्षांत त्या इंजिनाचं काही बिघडलं नव्हतं. माझ्या एका संध्याकाळीत हेड काढायची पाळी आली. पैसे अर्थातच मी मागितले नाहीत.

तेव्हा इंजिन विसरा थोडा वेळ. गाडी ठेवायची की नाही हे इंजिन चालू होतं का यावर ठरवूच नका. फियाटचं इंजिन हा या सगळ्या प्रकरणातला सोपा भाग आहे. 1089 सीसी, खाली बिडाचा ब्लॉक, वर अॅल्युमिनियमचं हेड. हेच इंजिन पुढे प्रीमियर पद्मिनी या गाडीत राहिलं, आणि त्या पद्मिनीवर या शहराची टॅक्सी काही दशकं चालली. मुंबईत पन्नाशीच्या पुढचा कुठलाही मिस्त्री ते अंधारात उघडेल. ठरवायचं ते पत्र्यावरून.

फियाटला अॅम्बॅसडरसारखीच वेगळी चासी नसते. बॉडी हीच चासी. जुन्या जीपची बॉडी कुजली तर ती उचलून बाजूला ठेवता येते, खाली चौकट शाबूत असते. फियाटमध्ये दाराखालची आडवी पोकळ पट्टी, ज्याला आम्ही सिल म्हणतो, ती कुजली की गाडीचा कणाच गेला. अशा गाडीला जॅक लावला की दारं बसेनाशी होतात. मग मधोमध वाकलेल्या गाडीला कितीही रंग मारा.

म्हणून एक टॉर्च, एक जुना स्क्रू ड्रायव्हर आणि रुमालात गुंडाळलेलं एक लोहचुंबक घेऊन गॅरेजात जा. रुमाल रंगावर चरा पडू नये म्हणून. चुंबक सिलवरून, चाकांच्या कमानींवरून आणि दारांच्या खालच्या चार बोटांवरून फिरवा. जिथे चिकटणार नाही तिथे रंगाखाली पत्रा नाही, लांबी म्हणजे भोक बुजवायची पुटी आहे. 80 च्या दशकात कुणीतरी भोक बुजवून वर रंग मारून दिलेला असतो, मालकाला पत्ताही नसतो. मग खाली आडवे व्हा आणि स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. चांगला पत्रा ठण् वाजतो, कुजलेला फक्त थप् करतो. थप् आला तिथे टोक दाबून बघा. आत गेलं तर जागा खडूने मार्क करून फोटो काढा. ड्रायव्हरच्या पायाखालचा फ्लोअर, जॅक लावायच्या जागा, बॅटरीचा ट्रे, डिकीत स्टेपनीखालचा तळ, पुढच्या काचेच्या रबराखालची कड आणि मागचे पाटे (लीफ स्प्रिंग) जिथे बॉडीला टांगलेले असतात त्या जागा अजिबात चुकवू नका. शेवटची जागा सगळ्यात महत्त्वाची. पाट्याची पकड सुटलेली गाडी मी घेत नाही, घेतली तर आधी मालकाला सगळं उघडून दाखवतो.

फ्लोअरला चार भोकं असणं मुंबईत नॉर्मल आहे, त्याने घाबरू नका. समुद्राची खारी हवा आणि चार महिने दमट गॅरेज म्हटल्यावर तेवढं होणारच. दोन्ही सिल आणि पाट्यांच्या जागा शाबूत असतील तर गाडी वाचते, एवढं मी न बघताही सांगतो.

पण पार्लं म्हणालात म्हणून एक विचारतो. 26 जुलै 2005 ला तुमच्या गॅरेजात पाणी शिरलं होतं का? त्या दिवशी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि तुम्ही तिथून हाकेच्या अंतरावर आहात. घरात आठवत नसेल तर गाडी सांगेल. दाराच्या आतला पुठ्ठा बघा, त्यावर चहाच्या कपाच्या डागासारखी आडवी रेघ असते. मागची सीट उचला, कोपऱ्यात वाळलेला बारीक गाळ मिळेल. तो गाळ सिलच्या आत गेलेला असतो, दर पावसाळ्यात ओलावा ओढून घेतो आणि पत्रा आतून खातो. बाहेरून रंग चकचकीत आणि आतून चाळण, अशा गाड्या मी त्या पुरानंतर कितीतरी बघितल्या. पाणी चाकाच्या मध्याच्या वर चढलं असेल तर डिफरन्शिअलमध्येही, म्हणजे मागच्या चाकांमधल्या गिअरच्या डब्यातही, गेलं म्हणून समजा. तळाचा ड्रेन प्लग अगदी हळू, अर्धा आटा सैल करा आणि बोट लावून थांबा. पाणी तेलापेक्षा जड असल्याने ते तळाशी बसलेलं असतं, त्यामुळे पहिले थेंब पाण्याचे येतात. नुसतं तेल आलं तर प्लग परत आवळा, देवाचे आभार माना.

आता यांत्रिक कामाचा क्रम. माझ्याकडे तो ठरलेला आहे: आधी ब्रेक, मग पेट्रोल, मग इंजिन. गिऱ्हाइकाला नेहमी उलटा क्रम हवा असतो.

या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि तेलाची एकच लाइन आहे. आजच्या गाड्यांना दोन असतात, एक फुटली तरी दुसरी धरते. इथे एक रबर गेलं की पेडल सरळ जमिनीला. आणि ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, हा त्याचा गुणधर्मच आहे. 30 वर्षांत त्याने इतकं पाणी प्यायलेलं असतं की व्हील सिलिंडर आतून गंजून त्यात खड्डे पडतात. त्या खड्ड्यांवर नवं रबर बसवलं तर ते महिनाभरात कापलं जातं. म्हणून नुसतं रबर किट बदलून देणाऱ्याच्या नादी लागू नका. सिलिंडर नवे मिळाले तर नवे, नाही मिळाले तर लेथवर बोअर करून आत पितळेची स्लीव्ह घालायची, पण मूळ मापाचीच. लोखंडी नळ्या सगळ्या बदला, बाहेरून चांगल्या दिसल्या तरी. चाकाजवळचे रबरी होज तर न बघता फेका. ते आतून सुजून भोक बुजतं, मग ब्रेक लागतो पण सुटत नाही, आणि चाक तापून धूर यायला लागल्यावर कळतं. नवी रबरं बसवताना ती ब्रेक ऑइलनेच ओली करायची. रॉकेल किंवा पेट्रोलचा हात लागला तरी ती फुगतात. ड्रम उघडल्यावर आतली काळी धूळ हवेच्या पाइपने उडवू नका. त्या काळच्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका. आमच्या पिढीने ती धूळ तोंडाने फुंकली, तुम्ही फुंकू नका.

ड्रम बहुतेक चिकटलेले असतील. ट्रक लावून ओढू नका. ब्रेकचे अॅडजस्टर सैल करा, ड्रमच्या कडेला भोवतीने लाकडी हातोड्याने ठोका, मध्ये मध्ये गंजाचं तेल सोडा. एक दिवस ठोका, एक दिवस थांबा. सुटतातच.

क्लचचीही तीच गत असेल. प्लेट फ्लायव्हीलला गंजाने चिकटलेली असते, पेडल दाबलं तरी गिअर पडत नाही. त्यावर माझा उपाय म्हणजे एक लाकडी दांडका. पेडल पूर्ण दाबून सीट आणि पेडल यांच्यामध्ये तो ठोकून बसवायचा आणि चार-पाच दिवस तसाच सोडायचा. मध्ये गाडी थोडी मागे-पुढे हलवायची. कित्येकदा एखाद्या सकाळी टक् आवाज येतो आणि गिअरबॉक्स न उतरवता काम होतं.

पेट्रोलची टाकी काढायचीच, त्यात तडजोड नाही. आत तळाशी डांबरासारखा थर आणि वर गंजाची पूड असते. रॉकेल आणि मूठभर जुने नट किंवा सायकलच्या चेनचा तुकडा टाकून टाकी हलवत राहायची. आमच्याकडे पोरं ती चादरीत बांधून झोका देतात. मग गंज काढायचं अॅसिड, मग भरपूर पाणी, मग लगेच वाळवणं. टाकीला भोक असलं तरी वेल्डिंगवाल्याकडे तशीच नेऊ नका. रिकाम्या टाकीत पेट्रोल नसतं, पेट्रोलची वाफ असते, आणि भरलेल्या टाकीपेक्षा तीच जास्त धोकादायक. ज्याला टाक्यांचंच काम येतं त्याच्याकडे द्या.

इथे एक गोष्ट तुमच्या वडिलांच्या वेळेला नव्हती. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. तुमच्या गाडीतलं रबर त्यासाठी बनलेलंच नाही. इंजिनावरच्या पेट्रोल पंपाचा पडदा, रबरी नळ्या, कार्बोरेटरमधल्या वॉशर यांना ते मऊ करतं, फुगवतं, तडकवतं. त्यामुळे पडदा आणि नळ्या घेताना इथेनॉलला टिकणाऱ्या आहेत ना, हे विचारूनच घ्या. जुन्या स्टॉकमधला, मूळ पॅकिंगमधला पडदा मिळाला म्हणून हुरळून जाऊ नका, तो त्या खोक्यातच 30 वर्षं म्हातारा झालेला असतो. इथेनॉल पाणीही ओढतं, म्हणून पुढेमागे गाडी पावसाळाभर उभी ठेवणार असाल तर जूनच्या आधी टाकी रिकामी करत जा. पेट्रोलमध्ये आता शिसं नाही म्हणून काळजी करणारे बरेच भेटतात. शिशाचं पेट्रोल आपल्याकडे 2000 साली पूर्ण बंद झालं आणि त्यानंतरची वीसेक वर्षं पद्मिनी टॅक्सी शिशाशिवायच पळत होत्या. हेड उघडलंच तर व्हॉल्व्ह सीट तपासून घ्या, एवढंच.

आता इंजिन. चारही प्लग काढा. प्रत्येक भोकात डिझेल आणि इंजिन ऑइल अर्धं-अर्धं, दोन-दोन चमचे. प्लगची भोकं कापडाने झाका आणि आठवडाभर विसरून जा. मग सेलने नाही, हाताने: पुढच्या पुलीच्या नटाला लांब पाना लावून, आधी किंचित पुढे, मग किंचित मागे. जाम असेल तर पान्यावर उभे राहू नका, परत तेल सोडा, परत आठवडा. माझ्याकडे एक इंजिन दीड महिन्याने सुटलं होतं. घाई केलेल्या एकाची पिस्टनची रिंग तुटून बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, उभी चीर गेली, मग ब्लॉक बोअरिंगला, ओव्हरसाइझ पिस्टन, सगळंच आलं.

फिरायला लागलं की टॅपेट कव्हर काढून आठही व्हॉल्व्ह वर-खाली होतात का ते डोळ्याने बघा. ही दादरची शिकवण. जो आळशीपणाने खाली येतो त्याच्या दांडीवर तेल सोडून त्याला मोकळा करा. मग जुनं ऑइल काढा, पण तेवढ्यावर थांबू नका, ऑइल साठतं ते खालचं चेंबर उतरवा. त्यात श्रीखंडासारखा काळा गाळ असतो आणि ऑइल पंपाची जाळी त्यात बुडालेली असते. नवं ऑइल टाकून चेंबर न धुणं म्हणजे स्वच्छ पाणी घाण माठात भरणं. ऑइल साधं मिनरल, 20 डब्ल्यू 40 किंवा 20 डब्ल्यू 50. महागडं सिंथेटिक या इंजिनाला नको. ते जुन्या सीलमधून वाट काढतं आणि तुमच्या नव्या सोसायटीच्या टाइल्सवर नकाशे काढतं.

पाण्याच्या बाजूला अॅल्युमिनियम हेडचा एक त्रास आहे. बिडाचा ब्लॉक, अॅल्युमिनियमचं हेड आणि मध्ये वर्षानुवर्षं नळाचं साधं पाणी असलं की अॅल्युमिनियम झिजत जातं. पाण्याची भोकं मोठी होत गॅस्केटच्या कडेपर्यंत येतात. रेडिएटरचं झाकण उघडून आत पांढरट खरवड दिसली तर हेड उतरवूनच बघा. आणि यापुढे कूलंट, पाणी नाही.

वायरिंगबद्दल थोडक्यात: घुशींनी आणि उंदरांनी खाल्लेलं असणार. बॅटरी लावण्याआधी तिच्या एका वायरीत हेडलाइटचा एक जुना बल्ब मध्ये जोडा. सगळी बटणं बंद असताना बल्ब पूर्ण पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे. बल्बऐवजी तुमची गाडी पेटली असती, असं समजा.

हे सगळं झालं की मग सेल. तोही आधी प्लग काढूनच, ऑइलचा दिवा विझेपर्यंत, म्हणजे बेअरिंगांपर्यंत ऑइल पोचतं. त्यानंतर प्लग लावायचे, प्लगला ठिणगी मिळवून देणारे पॉइंट घासून त्यांची फट बघायची, आणि टाकी अजून जोडायचीच नाही. मी बोनेटच्या बिजागरीला सलाइनची बाटली टांगतात तशी एक बाटली टांगतो. त्यात अर्धा लिटर ताजं पेट्रोल, आणि नळी थेट कार्बोरेटरला. पेशंटला सलाइनवरच उठवायचं. शेजारी आग विझवायचा सिलिंडर हवा, आणि गॅरेजचं दार उघडं हवं. पहिल्यांदा इतका धूर होतो की वरच्या मजल्यावरून फोन येतात. ते पिस्टनवर सोडलेलं तेल जळत असतं, दहा मिनिटांत साफ होतं. तेव्हा दादांना बोलवा, सेल त्यांनाच मारू द्या.

टायरांवर फार बोलण्यासारखं नाही, चारही फेका. कडेला बनावटीचा आकडा असतो. तीन अंकी असेल तर टायर 2000 च्या आधीचा, मग नक्षी कितीही खोल दिसो.

रंगाचं काम पावसाळ्यात कुणी करून देतो म्हणाला तर हात जोडा. मूळ गाडीला ड्युको, म्हणजे जुना लॅकर रंग होता, आणि दमट हवेत ड्युको मारला की वर पांढरट झाक धरते. मुंबईत हे काम दसऱ्यानंतर ते होळीपर्यंत. मूळ रंग कोणता हे डॅशबोर्डच्या मागे किंवा डिकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला सापडेल, तिथे कुणी दुसऱ्यांदा रंग मारत नाही. माझं मत विचाराल तर बॉडी बऱ्यापैकी असेल तर रंग काढूच नका. तुमच्या वडिलांनी दर रविवारी पुसून पुसून कोपऱ्यांवर जिथे प्रायमर दिसायला लागलाय, तो मला नव्या चकाकीपेक्षा बरा वाटतो. गिऱ्हाईक यावर नेहमी माझ्याशी भांडतं.

सुट्या भागांचं चित्र मजेदार आहे. या फियाट बनवणाऱ्या प्रीमियरचा कारखाना इथे कुर्ल्यालाच होता, रस्त्याचं नाव आजही प्रीमियर रोड आहे. त्यात टॅक्सीवाल्यांमुळे पद्मिनीचा प्रत्येक नट-बोल्ट या शहरात मिळायचा. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर 2023 मध्ये संपली आणि तेव्हापासून दुकानदार तो माल मागच्या कपाटात ढकलायला लागलेत. तरी कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि ऑपेरा हाऊसच्या बाजूची पार्ट्सची दुकानं फिरलात तर पिस्टन, रिंगा, गॅस्केट, क्लच प्लेट, वॉटर पंप अजून मिळतात. यंत्राचे बरेच भाग डिलाइटला पद्मिनीचे चालतात. चालत नाही तो साज. पुढची जाळी, दिव्यांच्या रिंगा, मागचे दिवे, नावाची अक्षरं हे सगळं डिलाइटचं वेगळं आहे आणि तेच दुर्मीळ आहे. त्याहून जुन्या, पुढची दारं उलटी उघडणाऱ्या गोल फियाटला, जिला आपल्याकडे डुक्कर फियाट म्हणायचे, तर साजासाठी वर्षानुवर्षं वाट बघणारे लोक आहेत. म्हणून गाडीतून निघालेला एकही क्रोमचा तुकडा, कितीही गंजलेला असो, फेकू नका. क्रोमवाल्याकडे देताना अक्षरांवर जास्त बफ मारू नकोस असं दोनदा सांगा. नाही तर अक्षरं चोखलेल्या गोळीसारखी गुळगुळीत होऊन येतात.

कागदपत्रांना आजच लागा, ते गाडीपेक्षा हळू चालतात. दिल्लीत जुन्या गाड्यांवर वयाची बंदी आहे, ते ऐकून लोक इथे घाबरतात. आपल्याकडे खासगी गाडी केवळ वयामुळे बाद होत नाही, नोंदणीचं दर 5 वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. गाडी वडिलांच्या नावावर असेल तर आधी वारसाच्या नावावर करा. त्यासाठी फॉर्म 31, मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची संमती लागते, म्हणजे दादांची सहीही लागणार. नूतनीकरणाला फॉर्म 25, आरटीओत गाडीची तपासणी, पर्यावरण कर, आणि इतक्या वर्षांच्या उशिराचा दंड. त्या काळची हाताने लिहिलेली आरसी बुकं संगणकावर चढलेलीच नसतात. आधी ती नोंद करून घ्यावी लागते आणि चपला तिथेच झिजतात. आरसी बुकावरचा चासी नंबर आणि इंजिन नंबर स्वतः गाडीवर जाऊन ताडून बघा. मध्ये कधी इंजिन बदललं असेल आणि नोंद केली नसेल तर तपासणीच्या दिवशी कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं.

तुमच्या गाडीला दुसराही रस्ता आहे. 2021 साली केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली, मूळ रूपातली, चासी-बॉडी-इंजिनात मोठे फेरफार नसलेली गाडी त्यात बसते. नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं, पुढच्या नोंदणीला 5,000. पण मग गाडी रोज चालवता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणायची. रविवारी सकाळी आईला घेऊन मरीन ड्राइव्हला जायचं असेल तर साधं नूतनीकरणच करा.

खर्चाचा एक आकडा मागितलात, तो मी गाडी न बघता देत नाही. जो फोनवर देतो त्याच्यापासून लांब राहा. पैसा कुठे जातो ते मात्र सांगतो. निम्म्याच्या आसपास पत्र्यात आणि रंगात, आणि तिथेच अंदाज चुकतो, कारण लांबी खरवडेपर्यंत खाली काय आहे ते कुणालाच माहीत नसतं. म्हणून पत्रेवाल्याशी एकरकमी सौदा करताना आधी रंग उतरवायचे पैसे वेगळे द्या, उघडा पत्रा दोघांनी मिळून बघा आणि मग बाकीचा भाव ठरवा. उरलेल्यात ब्रेक आणि टायर आधी, सीटची कव्हरं शेवटी. महिन्याला जमेल तेवढं करत गेलात तर दोन वर्षं लागतील. मी पाच वर्षं लागलेलीही बघितली आहेत, आणि सगळं एकदम सुटं करून गोणीत भरलेल्या, कधीच न जुळलेल्या गाड्याही. एका वेळी एकच भाग उघडा.

सध्या तुम्हाला फक्त ती गॅरेजातून काढायची आहे. चाकं मोकळी झाल्याशिवाय हलवू नका, नंतरही दोराने ओढत नेऊ नका. फ्लॅटबेड बोलवा, गाडी ढकलत वर चढवा, आणि चढवताना एक माणूस मागे लाकडी ठोकळा घेऊन चालू दे, कारण ब्रेक नाहीत. वर गेल्यावर हँडब्रेक ओढू नका, तो ओढला तर परत सुटणार नाही. चाकांना पट्टे बांधून घ्या, बंपरला नको. नव्या जागेची जमीन मातीची नसावी. मातीतला ओलावा ताडपत्रीखाली कोंडतो. खरं तर ताडपत्रीच नको, जुनी सुती चादर घाला.

आणि किल्ली सापडत नसेल तर कुलूप फोडू नका. डिकीच्या कुलपावर बहुतेक एक नंबर कोरलेला असतो, त्यावरून किल्ली बनवणारे अजून आहेत. पण त्याआधी आईला विचारा. अशा किल्ल्या माझ्या अनुभवात देव्हाऱ्याच्या खालच्या खणात, जुन्या रेशनकार्डाच्या बाजूला सापडतात.